उपाशी गाडीची पारख

बैल पाहायचा तर उपाशी पोटी पाहावा, हे मला माझ्या बापानं शिकवलं. बाजाराच्या आदल्या दिवशी व्यापारी बैलाला सरकीची ढेप चारतो, मीठ चाटवतो, आणि पहाटे तहानलेल्या जनावराला बादलीवर बादली पाणी पाजतो. असा बैल गोल दिसतो, कातडी ताणलेली, चाल राजासारखी. घरी आणून दोन दिवस झाले की पोट खाली बसतं आणि खरं जनावर दिसायला लागतं. म्हणून आमच्या घरची रीत अशी, की बैल पसंत पडला तरी सौदा त्या दिवशी करायचा नाही. बैल जाकड घ्यायचा. जाकड म्हणजे आठ दिवस घरी नेऊन जुपून पाहायचा, आणि नाही पटला तर दोरासकट परत. त्या आठ दिवसांत एका सकाळी त्याला चारा द्यायचा नाही. रिकाम्या पोटी भरल्या बंडीला जुपायचा आणि पांदणीच्या चिखलातून काढायचा. त्या दिवशी जो बसला नाही, तो पुढं बारा वर्षं बसत नाही.

मी चौथी पास. तीही गुरुजींनी वैतागून पुढं ढकललेली. पण बैलाच्या बाबतीत आसेगावपासून इंझोरीपर्यंत लोक मला बाजाराला घेऊन जात. त्याचा मी कोणाकडून चहाच्या वर काही घेतलं नाही. मी आधी दात पाहत नसे. दात सगळेच पाहतात आणि व्यापाऱ्यालाही ते माहीत असतं. मी मागून जाई आणि खूर पाही. बैल उभा असताना मागचा पाय टेकवतो कसा, यात त्याची सारी कुंडली असते. एकदा वाशीमच्या बाजारात एका व्यापाऱ्याला मी अर्धा दिवस उन्हात उभं केलं, कारण त्याचा बैल पाणी पचवून मोकळा होईपर्यंत मी हलायला तयार नव्हतो. तो चिडून म्हणाला, "बुवा, तुमी बैल घेऊन राह्यले का सून पाहून राह्यले?"

मी म्हटलं, "सून एक वेळ नजरेनं पसंत करीन. बैल नाई."

आणि सून मी खरोखर तशीच पसंत केली. चहा घेऊन आली, नमस्कार केला, मी हो म्हटलं. ती पुढं बी.ए. झाली, परीक्षा दिली आणि वाशीमच्या एका सरकारी कचेरीत लागली, हे सारं लग्नानंतरचं. त्यात माझी पारख काही नाही. पोरगा वावर सांभाळतो, सून नोकरी करते. आमच्या वेळी असं उलटं कोणी ऐकलं नव्हतं, पण घर चालत होतं आणि चांगलं चालत होतं.

सून रोज स्कुटीनं वाशीमला जाई. जाणं-येणं मिळून साठेक किलोमीटर. तीन वर्षं गेली, मग तिची कंबर धरली. डॉक्टरनं सांगितलं, आता दोन चाकावर बसायचं नाही. बसनं जावं तर सकाळची बस तिला उशिरा पोचवते आणि संध्याकाळची मिळाली तर मिळाली. घरात बोलणं सुरू झालं. एक तर गाडी घ्यायची, नाही तर जूनपासून वाशीमला खोली करायची आणि नातीचं नाव तिकडच्या शाळेत घालायचं. पोरगा तिकडून येऊन-जाऊन वावर पाहील. म्हणजे या घरात मी आणि माझी म्हातारी, सुनेची आत्याबाई.

कोणी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, जाऊ नका. पण मी स्वतःहून सांगणारा माणूस नाही. बापानं माझ्याकडं कधी काही मागितलं नाही, मी पोराकडं मागणार नाही. मी एवढंच म्हटलं, "गाडी घ्याची तं मले घेऊन चला. मी पाहातो."

साठ किलोमीटर रोज पेट्रोल जाळणं परवडणारं नव्हतं. म्हणून दोन गाड्या नजरेत होत्या. शोरूममध्ये टाय लावलेला एक जण आम्हाला फिरवत होता. मी रीतीप्रमाणे मागून गेलो. चाकं पाहिली. खाली वाकून पोट पाहिलं.

"हे काय खाते?" मी विचारलं.

"बाबाजी, ही लाईटवर चालते. रात्री घरी लावून ठेवायची, सकाळी तयार."

"आन हे दुसरी?"

"ही हायब्रिड. पेट्रोलवर चालते, पण आत बॅटरीपण आहे. चालता चालता आपोआप भरते. घरी लावायची भानगडच नाही."

ही दुसरी मला तिथंच आवडली. एक थकला की दुसरा ओढतो. जोडीचं जनावर. आमच्याकडं माझ्या तरुणपणी अशीच जोडी होती, एक पांढरा, एक तांबडा. पांढरा चढाला नेट लावी, तांबडा उतारावर गाडी अडवून धरी. दोघांना दमणीला, म्हणजे बसायच्या हलक्या गाडीला जुपलं, गळ्यात घुंगरमाळा घातल्या आणि अंथरुणावर लाल जाजम टाकलं, की मी लग्नाला निघालो की बाजाराला, हे लोकांना दुरून कळत नसे. बाया दारात येऊन उभ्या राहत. शेलूबाजारपर्यंत मी कासरा न ओढता गेलो आहे. नुसतं जिभेनं टकटक केलं की पांढरा कान मागं घेई. आज रस्त्यावर एवढ्या गाड्या धावतात, पण कान मागं घेणारी एकही नाही.

लाईटवाल्या गाडीवर माझा मुळात विश्वास नव्हता. आमच्याकडं लाईन येते ती पाहुण्यासारखी, आणि वारं सुटलं की पाहुण्यासारखीच निघून जाते.

पोरगा म्हणाला, "बा, हायब्रिडले शेवटी पेट्रोलच टाका लागते."

"टाकाव. पंप रस्त्यावर हाये. लाईन गेली तं तुही बायको काय कंदिलावर जाईन वाशीमले?"

सून एका वहीत काही लिहीत होती.

मी त्या टायवाल्याला म्हटलं, "दोन्ही गाड्या जाकड द्या."

"काय द्या?"

"जाकड. आठ रोज."

तो हसला. "बाबाजी, टेस्ट ड्राईव्ह देतो ना. पंधरा मिनिटं."

"पंधरा मिनिटांत तं बैल शेन बी टाकत नाई."

शेवटी एकेक दिवसावर ठरलं, तोही सोबत राहणार या अटीवर. निघताना मी त्याला बाजूला घेतलं आणि बजावलं, "लाईटवाली आनसान तवा उपाशी आना. भरल्या पोटी सारेच चालतात." त्याला वाटलं म्हातारा गंमत करतो. मग माझं तोंड पाहून त्याला कळलं.

हायब्रिड आधी आली. पोरानं चालवली, मी पुढं बसलो, मंगरूळपीरला जाऊन चहा पिऊन आलो. आवाज नाही, धक्का नाही. मी गावात शिरताना काच खाली करून हात बाहेर ठेवला होता.

दोन दिवसांनी लाईटवाली आली. समोरच्या पाटीवर तिचं पोट किती भरलं आहे ते दिसतं. वीस टक्क्यांच्या खाली होतं. टायवाला म्हणाला, "बाबाजी, इथं थोडं लावून घेऊ." मी म्हटलं, नाही. हरभरा नुकताच निघाला होता. मी गाडीत तीन पोती टाकायला लावली. मग पांदणीनं वावरापर्यंत नेली, तिथून परत आणली, पुन्हा नेली. उन्हाचे दिवस, म्हणून आतलं थंड हवेचं यंत्र पूर्ण सोडायला लावलं. टायवाल्याला थंड हवेतही घाम फुटला होता. मग सुनेला म्हटलं, "चाल आता वाशीमले. जसी रोज जाशीन तसी."

ती एकदा माझ्याकडं पाहून गाडीत बसली. पोती तशीच मागं. अर्ध्या वाटेत पाटीवर लाल दिवा लागला. थंड हवा बंद केली. मग गाडी हळू झाली, अजून हळू झाली, आणि वाशीम पाच-सहा किलोमीटर राहिलं असताना एका बाभळीखाली उभी राहिली. टायवाला उतरून फोन करायला लागला.

एक ट्रॅक्टरवाला थांबला. माझ्या ओळखीचा नव्हता, पण आमच्या भागातल्या माणसांना बोलायला ओळख लागत नाही.

"काय झालं बुवा? बसला का बैल?"

"बसला," मी म्हटलं. खरं सांगतो, मला आनंद झाला होता. पन्नास वर्षांची पारख अजून शाबूत होती.

सून रस्त्याच्या कडेला उभी होती, पदरानं वारा घेत. तिचा आवाज चढला नाही. तिचा आवाज चढत नाहीच.

"मामाजी, एक इचारू?"

"इचार."

"बैल उपाशी ठेवून तुमी पारखत होते, हे मले आत्याबाईनं सांगतलं. पन उपाशी ठेवून कामाले कधी नेत होते का?"

मी वाकून गाडीचं चाक पाहायला लागलो.

"मी तं घरूनच निघीन. रातभर लावली का सकाळी भरली. साठ किलोमीटर जाईन, घरी येईन, पुन्हा लावीन. रोज तोच रस्ता, तेवढंच अंतर. मले नागपूर-पुन्याले नाई जा लागत. मंग हे आजचं सोंग कायले?"

"पारख होय ते."

"मंग त्या दुसरीले उपाशी आनाले काहून नाई सांगतलं? तिची तं टाकी भरून आनली होती."

टायवाला फोनवर बोलता बोलता तिकडं तोंड करून हसला, ते मी पाहिलं. जिंदगीत व्यापाऱ्याच्या माणसासमोर माझी अशी पारख कोणी केली नव्हती.

गाडी दुसऱ्या गाडीनं ओढून नेली. आम्ही पोती रस्त्यावर उतरवून घेतली आणि त्याच ट्रॅक्टरवाल्याला विनवून घरी आणली.

घरी आल्यावर मी माघार घेतली नाही. उलट अंगणात बसून म्हातारीला रंगवून सांगितलं, गाडी कशी बसली, ट्रॅक्टरवाला काय म्हणाला. आता यात एक गोष्ट सांगायला पाहिजे. घरचं मीटर माझ्या नावावर आहे. लाईटवाली गाडी घरी लावायची तर मीटरचा लोड वाढवून घ्यावा लागतो, आणि त्या अर्जावर माझी सही लागते. अर्ज पोरानं आधीच आणून ठेवला होता. तो कोनाड्यात पडून होता. तो पडून राहावा म्हणूनच मी एवढं रंगवून सांगत होतो.

सून हातपाय धुऊन आली. म्हणाली, "पेट्रोल रोज टाकनं मले नाई जमत. मंग आता वाशीमले खोलीच पाहातो. जूनले चार महिने बी नाई राह्यले."

पोरगा खाली पाहत बसला. मला वाटलं, ती धमकी देते. तसं नव्हतं. तिनं वहीतला हिशेब केव्हाच करून ठेवला होता, आणि आता दुसरा रस्ता उरला नव्हता.

तेव्हा म्हातारी बोलली. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. थापणं थांबवलं नाही.

"तवा बी बैलाचंच नाव सांगतलं होतं तुमी."

"कवा?"

"तुमाले माईत हाये कवा."

मला माहीत होतं.

म्हातारी सातवी पास. आमच्या लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा दोन कोसांवरच्या एका गावात बालवाडी निघाली आणि तिथं बाई म्हणून हिची निवड झाली. कागद आला होता. तो तिनं मला वाचून दाखवला, कारण त्यातले मोठे शब्द मला अडत होते. दारात दमणी उभी होती. तीच जोडी, पांढरा आणि तांबडा. पण मी म्हटलं, रोज चार कोस जाऊन-येऊन बैल खंगतील. ज्या बैलांना मी नुसतं मिरवायला बारा कोस नेत होतो, ते बैल. खरी गोष्ट वेगळी होती. चौथी पास, गाडी हाकणारा धुरकरी सातवी पास बायकोला रोज नोकरीवर पोचवतो, असं चार लोक बोलतील, हे मला सोसणारं नव्हतं.

ती पायी गेली. बारा दिवस गेली. केसांना तेल लावून, काखेत भाकरीचं फडकं धरून. बाराव्या दिवशी मी दमणी घेऊन बाजाराला निघालो, सोबत गावचे दोघं होते. रस्ता तोच. ती कडेनं चालत होती. बैलांनी तिला ओळखलं. पांढऱ्यानं चाल हळू केली, त्याला वाटलं थांबायचं आहे. मी त्याला चाबूक दाखवला. घुंगरमाळांचा आवाज करत आम्ही तिच्या पुढं गेलो. धूळ उडाली असेल. मी मागं पाहिलं नाही.

तेराव्या दिवशी ती गेली नाही. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. इतकी वर्षं मी लोकांना त्या जोडीच्या गोष्टी सांगत आलो, कान कसा मागं घेई, चढाला नेट कसा लावी. हीही ऐकत असे. पांढरा त्या दिवशी थांबत होता, ही गोष्ट मी कधी कोणाला सांगितली नाही.

"भाकर खाऊन घ्या," म्हातारी म्हणाली. एवढंच.

सकाळी मी कोनाड्यातून अर्ज काढला आणि सुनेपुढं ठेवला. "कुठं करू सही?"

तिनं बोट ठेवलं. मी केली. वाकडी आली, पण आली.

"मामाजी, मनाविरुद्ध नका करू."

"मनाविरुद्धच करून राह्यलो. मले अजून बी ते दुसरीच चांगली वाटते. पन जाचं तुले हाये." मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "लाईन गेली तं?"

"तं बसनं जाईन. एखाद दिवस उशीर होईन. साहेब काय मले फासी देते?"

म्हातारी आतून म्हणाली, "घ्या! आता साहेबाची बी पारख करून या."

गाडी आली. लोड वाढवायला वायरमननं तीन चकरा मारायला लावल्या, त्या मी मारल्या. पहिले काही दिवस मी रात्री उठून पाहत असे, गाडीचा हिरवा दिवा लागला आहे का. आता पाहत नाही. सकाळी ती निघते, नातीला गावातल्या शाळेच्या दारात उतरवते आणि पुढं जाते. आवाज नसल्यामुळं ती कधी गेली ते कळत नाही, आणि कधी आली तेही कळत नाही. कुत्र्यांनाही अजून तिची सवय नाही. गाडी दारात आली की मग दचकून भुंकतात.

श्रावणात लाईन गेली. डीपी जळाली म्हणाले. पहिल्या दिवशी गाडीत होतं तेवढ्यावर ती जाऊन आली. दुसऱ्या दिवशी बसनं गेली. मी घरात तोंड उघडलं नाही.

म्हातारी म्हणाली, "बोला, बोला. पोटात गोळा होईन."

"मी काय बोललो?"

"तेच तं."

चार वाजता लाईन आली. पाच वाजता मी छत्री घेऊन फाट्यावर गेलो. फाटा गावापासून पाऊण कोस. माझे गुडघे आता तेवढं चालत नाहीत, पण वाटेत मैलाचा दगड आहे, त्यावर बसून गेलो. बस उशिरा आली. सून उतरली आणि मला पाहून घाबरली.

"काय झालं? आत्याबाई बरी हाये ना?"

"सारं बरं हाये. लाईन आली."

"मंग फोन कराचा. तुमी कायले आले?"

"असाच."

मी तिच्या हातातली पिशवी घेतली. ती देत नव्हती, मी घेतली. आम्ही चालायला लागलो. रस्त्यावरून कोण कोण गेलं. एकानं मोटारसायकल थांबवून मला विचारलं, बसता का. मी म्हटलं, "नाई, सुनेले घ्याले आलतो," आणि जरा मोठ्यानं म्हटलं.

ती चिखल चुकवत पुढं होती, कंबरेवर हात ठेवून, पण चालत होती. साहेब काही बोलला नाही म्हणे. गावाची पहिली घरं दिसायला लागली तेव्हा ती मागं न पाहता म्हणाली, "पोरीचं नाव इथल्याच शाळेत राहू देऊ. चौथीपर्यंत तरी."

मी म्हटलं, "राहू दे."